गाडीतील अ‍ॅम्प्लिफायरमधून आवाज येत नसेल तर दोष कसा शोधावा

गाडीतील संगीत अचानक बंद पडले की बहुतेकांचा पहिला संशय अ‍ॅम्प्लिफायरवर जातो आणि काही दुकानांत तर तो नीट न तपासताच ‘जळला’ म्हणून बाजूला ठेवून नवा दाखवला जातो. प्रत्यक्षात अ‍ॅम्प्लिफायर आतून निकामी होण्याआधी त्याच्यापर्यंत येणारी किंवा त्याच्यापासून निघणारी एखादी तार, एखादा सांधा किंवा एखादा फ्यूज निकामी झालेला असण्याची शक्यता पुष्कळच अधिक असते. अ‍ॅम्प्लिफायर धातूच्या बंद पेटीत सुरक्षित असतो. त्याच्या तारा मात्र बॉनेटखालच्या उष्णतेतून, दाराच्या बिजागरीजवळून, सीटच्या रेलखालून आणि पावसाळ्यात ओल्या मॅटखालून फिरत असतात. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरवरचा आरोप अगदी शेवटी ठेवावा आणि मोजमाप घेतल्याशिवाय कोणतीही वस्तू बदलू नये.

अ‍ॅम्प्लिफायर चालण्यासाठी त्याला चार गोष्टी मिळाव्या लागतात. बॅटरीवरून थेट येणारे १२ व्होल्ट, गाडीच्या बॉडीशी पक्के जोडलेले अर्थिंग, स्टिरिओ सुरू होताच त्यालाही सुरू करणारी रिमोट वायर आणि संगीताचा सिग्नल. पाचवी गोष्ट बाहेर पडण्याच्या बाजूची, म्हणजे स्पीकर आणि त्याच्या तारा. पहिल्या तिन्हींपैकी काही तुटले असेल तर अ‍ॅम्प्लिफायरचा दिवाच लागत नाही. स्पीकरच्या बाजूला शॉर्ट असेल किंवा आत काही बिघडले असेल तर लाल दिवा लागतो. सिग्नल तुटला असेल तर हिरवा किंवा निळा दिवा व्यवस्थित लागलेला असतो, पण आवाज नसतो. म्हणून एकही स्क्रू सैल करण्यापूर्वी स्टिरिओ सुरू करून अ‍ॅम्प्लिफायरवरचा दिवा पाहावा, कारण पुढची सारी दिशा त्यावर ठरते.

त्याही आधी एक मिनिट स्टिरिओच्या सेटिंगसाठी द्यावे. सबवूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, ‘ऑफ’ झालेला असणे, त्याची पातळी सर्वांत खाली गेलेली असणे, पुढच्या-मागच्या स्पीकरमध्ये आवाज वाटणारा फेडर पूर्णपणे पुढे ढकललेला असणे किंवा मागच्या आउटपुटचा उपयोग ‘सबवूफर’ऐवजी ‘रिअर’ असा ठरलेला असणे, या गोष्टी बॅटरी काढून बसवल्यानंतर वारंवार घडतात, कारण त्या वेळी अनेक स्टिरिओ मूळ सेटिंगवर परत जातात. सर्व्हिसिंगहून आलेल्या गाडीचा बेस गायब झाला असेल तर प्रथम येथेच पाहावे.

हाताशी काय हवे आणि कशाला हात लावू नये

एक साधा डिजिटल मल्टीमीटर पुरेसा आहे. महागड्या उपकरणाची गरज नाही. त्याशिवाय दोन्ही टोकांना चिमटे लावलेली तारेची एक लहान आणि एक बॅटरीपासून डिकीपर्यंत पोहोचेल अशी लांब जोडणी, हेडलाइटचा जुना पण चालू ५५/६० वॅटचा बल्ब, योग्य क्षमतेचे दोन-तीन फ्यूज, खात्रीने चालणारा एखादा लहान स्पीकर, एक पेन्सिल सेल आणि मोबाइलच्या हेडफोनच्या छिद्रातून आरसीए जोडणी, म्हणजे स्टिरिओकडून सिग्नल आणणारी गोल पिनची जोडणी, देणारी केबल एवढे साहित्य जमवावे. अनेक नव्या मोबाइलना हेडफोनचे छिद्र नसते, तेव्हा जुना फोन किंवा लॅपटॉप चालेल. हेडलाइटचा बल्ब या यादीत का आहे, ते पुढे येईलच, आणि माझ्या मते या कामात मल्टीमीटरइतकेच महत्त्व त्या बल्बाला आहे.

तारा सोडवण्यापूर्वी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढावे आणि काम झाल्यावर ते सर्वांत शेवटी जोडावे. काही गाड्यांचे स्टिरिओ बॅटरी काढल्यावर सांकेतिक क्रमांक मागतात, तो आधी शोधून ठेवावा. अ‍ॅम्प्लिफायर सीटखाली असेल तर तेथील पिवळ्या आवरणाच्या तारा आणि पिवळे कपलर एअरबॅगचे असतात. त्यांना मीटरची टोके लावू नयेत, ते ओढू नयेत आणि तपासण्यासाठी उघडूही नयेत. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांतील नारिंगी रंगाच्या जाड केबल उच्च दाबाच्या असतात, त्यांच्या जवळपासही हे काम करू नये. आरसीए केबल काढताना वा घालताना स्टिरिओ बंद असावा, कारण चालू स्थितीत हा प्रकार केल्यास काही स्टिरिओंमधील सिग्नलच्या अर्थिंगचा अतिशय नाजूक फ्यूज उडतो आणि मग एका दोषाच्या जागी दोन दोष होतात.

दिवाच लागत नसेल तर

मोजणीची सुरुवात बॅटरीपासून करावी. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट मिळतात आणि इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट. आकडा बारावर किंवा त्याखाली आला असेल तर बॅटरी जवळजवळ रिकामी आहे असे समजावे. दाब दहा-साडेदहा व्होल्टच्या आसपास उतरला की अनेक अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच्या संरक्षणासाठी बंद होतात, आणि अशा वेळी अ‍ॅम्प्लिफायर उघडून काहीच सापडत नाही.

बॅटरी ठीक असेल तर मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून थेट अ‍ॅम्प्लिफायरपाशी यावे. लाल टोक ‘बी प्लस’ लिहिलेल्या स्क्रूवर आणि काळे टोक ‘जीएनडी’ लिहिलेल्या स्क्रूवर टेकवावे. टोके तारेवर न ठेवता स्क्रूच्या धातूवर ठेवावीत, कारण तार स्क्रूखाली नीट दबलेली नसेल तर तारेवर १२ व्होल्ट दिसतील, पण अ‍ॅम्प्लिफायरला ते मिळत नसतील. येथे शून्य दिसले तर काळे टोक उचलून बॉडीवरच्या रंग नसलेल्या एखाद्या स्वच्छ बोल्टवर टेकवावे. आता १२ व्होल्ट आले तर दोष अर्थिंगचा आहे. तरीही शून्यच असेल तर दोष बॅटरीवरून येणाऱ्या लाल केबलचा किंवा तिच्या फ्यूजचा आहे.

मुख्य फ्यूज बॉनेटखाली, बॅटरीपासून सुमारे दीड फुटाच्या आत असतो, किंबहुना असायला हवा. तो तेथे नसेल तर केबल कोठेही घासली गेली तरी आग लागू शकते, आणि मग आवाजाचा प्रश्न दुय्यम ठरतो. फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहून निर्णय देऊ नये. पात्याच्या फ्यूजच्या माथ्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात, त्या दोन्ही ठिपक्यांवर बॉडीच्या तुलनेत १२ व्होल्ट आले पाहिजेत. काचेच्या जाड नळीतील फ्यूज तर पुष्कळदा फसवतात, कारण आतली पट्टी शाबूत दिसते, पण टोकाच्या टोपीतील डाख सुटलेला असतो. फ्यूज काढल्यावर त्याच्या होल्डरकडेही पाहावे. प्लॅस्टिक वितळले असेल, पितळ काळवंडले असेल किंवा कोकणपट्टीतील दमट हवेत जमते तशी हिरवट बुरशी तेथे धरली असेल, तर होल्डरच बदलावा. तो घासून पुन्हा वापरल्यास काही आठवड्यांनी तोच दोष परत येतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या स्वतःच्या अंगावरही एक-दोन पात्याचे फ्यूज असतात, ते तपासायला विसरू नये. त्यांची क्षमता रंगावरून कळते: १० अँपिअरचा तांबडा, १५ चा निळा, २० चा पिवळा, २५ चा पांढरा किंवा पारदर्शक आणि ३० चा हिरवा.

उडालेल्या फ्यूजच्या जागी अधिक क्षमतेचा फ्यूज, तारेचा तुकडा किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी कधीही बसवू नये. मुख्य फ्यूज हा अ‍ॅम्प्लिफायरच्या रक्षणासाठी नसून केबलच्या रक्षणासाठी असतो. त्याच क्षमतेचा नवा फ्यूज रिमोट वायर काढलेली असतानाही बसवताक्षणी उडत असेल, तर प्रथम अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूने लाल केबल सोडवून तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळावी आणि फ्यूज पुन्हा बसवून पाहावा. तरीही उडाला तर केबल वाटेत कोठेतरी बॉडीला टेकली आहे, बहुधा इंजिन आणि केबिन यांच्यामधील पत्र्याच्या छिद्रापाशी, जेथे रबरी बूच न बसवता केबल तशीच ओढून घेतलेली असते. न उडाला तर अ‍ॅम्प्लिफायरच्या आत शॉर्ट आहे. बॅटरीचे प्लस-मायनस कधी उलटे जोडले गेले असतील तर बी प्लस आणि जीएनडी यांच्यामधील संरक्षक डायोड जळून शॉर्ट होतो. ते घडले नसेल तर पुरवठा विभागातील मॉसफेट, म्हणजे वीज चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर, गेल्याची शक्यता अधिक. केबल पुन्हा जोडताना एक लहान ठिणगी दिसली तर घाबरू नये, आतील मोठे कपॅसिटर भरताना ती उडते.

आता त्या बल्बाकडे वळू. मल्टीमीटर मोजताना जवळजवळ काहीच विद्युतप्रवाह घेत नाही. त्यामुळे केबलमधील शंभर बारीक तारांच्या काड्यांपैकी एकच काडी शिल्लक असली, किंवा अर्थिंगचा बोल्ट गंजाच्या थरावर बसलेला असला, तरी मीटरवर १२.६ व्होल्ट अगदी स्वच्छ दिसतात आणि तपासणारा चुकीच्या दिशेला निघून जातो. अ‍ॅम्प्लिफायर मात्र प्रत्यक्ष प्रवाह मागतो, आणि तो मागताच दाब कोसळतो. म्हणून चिमट्यांच्या साहाय्याने हेडलाइटचा बल्ब बी प्लस आणि जीएनडी या स्क्रूंना जोडावा. तो साधारण साडेचार अँपिअर घेतो. बल्ब भगभगीत पेटला आणि मीटरवरचा दाब बॅटरीवरच्या दाबाशी दोन-तीन दशांश व्होल्टच्या आत राहिला तर दोन्ही तारा पक्क्या आहेत. बल्ब मंद पेटला किंवा पेटलाच नाही तर दोष सापडल्यातच जमा आहे. हॅलोजन बल्ब काही सेकंदांतच फार तापतो, तेव्हा तो सीटच्या कापडापासून आणि गालिच्यापासून दूर धरावा आणि काचेला स्पर्श करू नये.

दोष लाल बाजूला आहे की काळ्या, हे ठरवण्यासाठी बल्ब पेटलेला असतानाच लांब तारेच्या मदतीने मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरे अ‍ॅम्प्लिफायरच्या जीएनडी स्क्रूवर ठेवावे. येथे दिसणारा आकडा म्हणजे अर्थिंगमध्ये वाया जाणारा दाब. तो एक-दोन दशांश व्होल्टपर्यंत असला तर ठीक. अर्धा व्होल्ट किंवा अधिक दिसला तर अर्थिंग नव्याने करावे. हीच मोजणी दोन्ही प्लस टोकांमध्ये केली की लाल केबलचाही हिशेब लागतो. अर्थिंगची रोध मोजून खात्री करण्याची पद्धत मला फारशी विश्वासार्ह वाटत नाही, कारण साध्या मीटरच्या स्वतःच्या तारांचाच रोध दोन ते पाच दशांश ओहम भरतो आणि आपण शोधत असलेला दोष त्याहून लहान असू शकतो.

अर्थिंग नव्याने करताना बॉडीवरचा रंग, प्रायमर आणि गंज पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा उघडा करावा, तारेच्या टोकाला दाबून बसवलेला गोल लग त्यावर दातेरी वॉशरसह आवळावा आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा रंग लावावा. अर्थिंगची तार लाल केबलइतकीच जाड आणि शक्य तितकी आखूड, दीड फुटाच्या आत, ठेवावी. सीटबेल्टच्या बोल्टाखाली लग बसवण्याची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. ती जागा जीव वाचवणाऱ्या साधनाची आहे, तिचा बोल्ट या कामासाठी सैल करू नये. बाजारात स्वस्त मिळणारी केबल पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते. ती सांध्यापाशी लवकर सैल पडते आणि गंजते, म्हणून तिचे स्क्रू अधूनमधून पुन्हा आवळावे लागतात.

वीज आणि अर्थिंग दोन्ही पक्के असतील तर रिमोट वायर तपासावी. स्टिरिओ सुरू असताना ‘आरईएम’ या स्क्रूवर जीएनडीच्या तुलनेत सुमारे १२ व्होल्ट यावेत आणि स्टिरिओ बंद करताच ते जावेत. येथे काही येत नसेल तर फ्यूज लावलेल्या लहान तारेने बी प्लस आणि आरईएम हे स्क्रू क्षणभर जोडावेत. दिवा लागला तर अ‍ॅम्प्लिफायर जिवंत आहे आणि फक्त रिमोट वायर शोधायची आहे. ही सर्वांत बारीक तार असल्याने ती प्रथम तुटते, आणि बॉनेटखाली किंवा डॅशबोर्डमागे उंदीर शिरत असतील तर त्यांच्या दातांनाही तीच प्रथम सापडते. स्टिरिओच्या मागे बहुतेक वेळा दोन निळ्या तारा असतात. पांढरी रेघ असलेली निळी तार अ‍ॅम्प्लिफायरची असते आणि सबंध निळी तार विजेवर वर येणाऱ्या अँटेनाची. चुकून दुसरी जोडली गेली तर काही स्टिरिओंमध्ये रेडिओ लावला की आवाज येतो आणि पेनड्राइव्ह वा ब्लूटूथ लावला की जातो. ही तक्रार ऐकायला चमत्कारिक वाटते, पण तिचे कारण इतके साधे असते. एकाच रिमोट वायरवर दोन-तीन अ‍ॅम्प्लिफायर आणि पंखे जोडले असतील तर स्टिरिओच्या आतील लहानसा भाग तो भार पेलू शकत नाही; अशा ठिकाणी मध्ये रिले, म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणारा स्विच, बसवावा.

तिन्ही स्क्रूंवर भारासह योग्य दाब आहे, अंगावरचे फ्यूज चांगले आहेत आणि तरीही अ‍ॅम्प्लिफायर थंड व निर्जीव आहे, एवढे सिद्ध झाले तरच दोष आत आहे असे म्हणावे.

लाल दिवा

सुरू करताना एक-दोन सेकंद लाल दिवा लागून मग हिरवा होणे हे पुष्कळ अ‍ॅम्प्लिफायरमध्ये स्वाभाविक असते. तो लालच राहिला किंवा ठोका पडताच लाल होऊ लागला तर अ‍ॅम्प्लिफायरने स्वतःला थांबवले आहे. अशा वेळी स्टिरिओ बंद करून स्पीकरच्या सर्व तारा आणि आरसीए केबल सोडवाव्यात, फक्त बी प्लस, जीएनडी आणि आरईएम या तीनच तारा ठेवाव्यात आणि पुन्हा सुरू करावे. दिवा हिरवा झाला तर अ‍ॅम्प्लिफायर बहुधा निर्दोष आहे. मग बंद करून आरसीए जोडावी, सुरू करून पाहावे, पुन्हा बंद करून एक स्पीकर जोडावा, असे एकेक करीत जावे. ज्या जोडणीनंतर लाल दिवा परत येईल तिच्यात दोष आहे. हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण घाईने सगळे एकदम जोडणाऱ्याला ते पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

संशयित स्पीकरच्या तारा अ‍ॅम्प्लिफायरपासून सुटलेल्या असताना मीटर ओहमवर ठेवून दोन मोजण्या घ्याव्यात. पहिली, प्रत्येक तार आणि गाडीची बॉडी यांच्यामधली. येथे मीटरने ‘ओएल’, म्हणजे जोडणीच नाही, असे दाखवले पाहिजे. कोणताही आकडा आला तर तार दाराच्या रबरी नळीत, सीटच्या रेलखाली किंवा प्लॅस्टिकच्या पॅनलमागे कोठेतरी सोलली जाऊन बॉडीला टेकली आहे. दुसरी मोजणी स्पीकरच्या दोन तारांमधली. चार ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ३.२ ते ३.८ ओहम दाखवतो आणि दोन ओहमचा पावणेदोनच्या आसपास. अर्धा ओहम दिसला तर स्पीकरच्या आतील तारेची कॉइल जळून शॉर्ट झाली आहे, ओएल दिसले तर ती तुटली आहे. सबवूफरच्या पेटीवरील टर्मिनलपाशी तारेच्या सुट्या काड्या एकमेकींना टेकलेल्या असणे, हेही नेहमीचे कारण आहे.

तारा आणि कॉइल चांगल्या असूनही मोठ्या आवाजालाच लाल दिवा लागत असेल तर जोडणीचा हिशेब करावा. दोन कॉइलच्या सबवूफरमध्ये चार-चार ओहमच्या कॉइल समांतर जोडल्या की दोन ओहम होतात आणि एकापुढे एक जोडल्या की आठ. दोन चॅनेल ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून एकाच स्पीकरसाठी, चालवताना प्रत्येक चॅनेलला प्रत्यक्षात निम्माच भार दिसतो. म्हणून बहुतेक अ‍ॅम्प्लिफायर ब्रिजमध्ये किमान चार ओहम मागतात. तेथे दोन ओहमचा सबवूफर जोडला की हळू आवाजात सर्व ठीक चालते आणि आवाज वाढवताच संरक्षण काम करते. अ‍ॅम्प्लिफायर खराब म्हणून परत करण्याआधी त्याच्या माहितीपत्रकातील किमान ओहमचा आकडा वाचावा.

तीनच तारांवरही दिवा लालच राहत असेल तर दोष आतला आहे. क्वचित असाही अ‍ॅम्प्लिफायर भेटतो, की ज्याचा दिवा हिरवा असतो, पण एका चॅनेलमधून स्पीकरकडे शुद्ध डीसी दाब जात असतो. हे ओळखण्यासाठी स्पीकर न जोडता त्या चॅनेलच्या दोन स्क्रूंमधला डीसी दाब मोजावा. काही दशांश मिलिव्होल्ट ते पन्नास मिलिव्होल्टपर्यंत आकडा असेल तर चिंता नको. काही व्होल्ट दिसले तर त्यावर स्पीकर मुळीच जोडू नये, कॉइल जळेल.

दिवा हिरवा, पण आवाज नाही

येथे मोबाइलची केबल सर्वांत जलद उत्तर देते. अ‍ॅम्प्लिफायरचा गेन, म्हणजे येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारे बटण, सर्वांत कमी करावा, स्टिरिओकडून आलेली आरसीए काढून तेथे मोबाइलची केबल लावावी, रिमोट मिळत राहावा म्हणून स्टिरिओ सुरूच ठेवावा आणि मोबाइलचा आवाज हळूहळू वाढवावा. आवाज आला तर अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर दोन्ही चांगले आहेत. दोष आरसीए केबलमध्ये किंवा स्टिरिओत आहे. आवाज नाही आला तर अ‍ॅम्प्लिफायरची बटणे आणि स्पीकर तपासायचे.

स्टिरिओचा सिग्नल मोजण्यासाठी मोबाइलमध्ये वा पेनड्राइव्हवर ५० हर्ट्झचा अखंड सूर घ्यावा, कारण स्वस्त मीटर एसी दाब याच सुमाराला विश्वासाने मोजतात. गाणे लावून मोजल्यास आकडा सतत नाचत राहतो. मीटर एसी व्होल्टवर ठेवून आरसीएच्या मधल्या काडीवर आणि बाहेरच्या कड्यावर टोके ठेवावीत आणि स्टिरिओचा आवाज वाढवावा. काही मिलिव्होल्टपासून एक-दोन व्होल्टपर्यंत आकडा चढत गेला पाहिजे. स्टिरिओच्या टोकाला तो मिळतो आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकाला मिळत नाही, तर केबल बदलावी. एकच बाजू बंद असेल तर मोजमापाचीही गरज नाही. स्टिरिओ बंद करून अ‍ॅम्प्लिफायरपाशी डावी-उजवी आरसीए अदलाबदल करावी. बंद असण्याचा दोष दुसऱ्या बाजूला गेला तर तो अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी आहे, जागेवरच राहिला तर नंतर.

अ‍ॅम्प्लिफायरवरच्या बारीक बटणांनी भल्याभल्यांना चकवले आहे. सबवूफरसाठी स्टिरिओमध्ये ८० हर्ट्झच्या वरचे सूर कापून टाकलेले असावेत आणि अ‍ॅम्प्लिफायरवरचा फिल्टर चुकून हाय-पासवर, म्हणजे खालचे सूर अडवण्यावर, १२० हर्ट्झवर असावा, असे झाले तर एका चाळणीने वरचे अडवले आणि दुसरीने खालचे, आणि स्पीकरपर्यंत जवळजवळ काहीच उरले नाही. सबवूफरला लो-पास (वरचे सूर अडवणारा), दारातील स्पीकरना हाय-पास, आणि स्टिरिओत फिल्टर लावला असेल तर अ‍ॅम्प्लिफायरवरचा बंद, असा साधा नियम ठेवावा. चार चॅनेलच्या अ‍ॅम्प्लिफायरवर इनपुटचे दोन की चार असे बटण असते. ते चारवर असेल आणि आरसीएची एकच जोडी दिली असेल तर मागचे दोन चॅनेल मुकेच राहतात. डॅशबोर्डखाली बसवलेला बेसचा नॉब असेल तर त्याची टेलिफोनसारखी केबल घट्ट बसली आहे का आणि तो शून्यावर तर नाही ना, हेही पाहावे.

स्पीकरची परीक्षा पेन्सिल सेलने करता येते. तारा अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवून त्यांच्या टोकांना सेल क्षणभर टेकवला की ‘टप्’ असा आवाज येऊन स्पीकरचा पडदा, म्हणजे कोन, हलला पाहिजे. सबवूफरमध्ये टर्मिनलपासून कोनकडे जाणारी विणलेली लवचिक तार कधीकधी हलून हलून तुटते आणि कोन एका विशिष्ट स्थितीत असतानाच जोडली जाते. अशा सबवूफरचा रोध मोजताना कोन बोटांनी हलकेच दाबून सोडावा आणि आकडा उडतो का ते पाहावे.

कंपनीचा स्टिरिओ आणि हाय-लेव्हल जोडणी

अलीकडे गाडीबरोबर येणारा टचस्क्रीन न काढता सीटखाली अ‍ॅम्प्लिफायरसह सबवूफर बसवण्याची पद्धत वाढली आहे. अशा जोडणीत आरसीए नसते. स्टिरिओच्या स्पीकरच्या तारांवरूनच सिग्नल घेतला जातो, आणि पुष्कळदा रिमोट वायरही नसते. स्टिरिओ चालू असताना त्याच्या स्पीकरच्या प्रत्येक तारेवर बॉडीच्या तुलनेत पुरवठ्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे सहा व्होल्ट डीसी दाब असतो. तो ओळखून अ‍ॅम्प्लिफायर आपोआप सुरू होतो. सर्व स्टिरिओंवर हा दाब नसतो, आणि जेथे नसतो तेथे अ‍ॅम्प्लिफायर कधी सुरूच होत नाही किंवा हळू गाण्याला बंद पडतो. यावर उपाय म्हणजे ऑटोचे बटण बंद करून, चावी फिरवल्यावरच वीज येणाऱ्या एखाद्या फ्यूजवरून स्वतंत्र रिमोट वायर आणणे. या जोडणीत हाय-लो असे बटण असेल तर ते हायवर असल्याची खात्री करावी, आणि स्पीकरची कोणतीही तार बॉडीला जोडू नये.

मध्येच जाणारा आवाज

काही वेळ चालून बंद पडणारा आणि थोड्या वेळाने आपोआप परत येणारा अ‍ॅम्प्लिफायर बहुधा तापलेला असतो. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या गाडीची डिकी आधीच तापलेली असते, त्यातच अ‍ॅम्प्लिफायर गालिच्याखाली दडपलेला किंवा सबवूफरच्या पेटीवर उलटा बसवलेला असला तर उष्णता बाहेर पडत नाही. त्याच्या उष्णता सोडणाऱ्या धातूच्या पंखांभोवती चार बोटे मोकळी जागा ठेवावी. खड्ड्यात गाडी आदळल्यावर जाणारा आवाज हा सैल सांध्याचा. स्टिरिओ चालू ठेवून एकेक तार लाकडी काठीने हलवली की तो सापडतो. पावसात जाणारा आवाज शोधताना सीटखालची मॅट उचलून पाहावी. पाणी सापडले तर अ‍ॅम्प्लिफायर ताबडतोब सोडवून पूर्ण वाळेपर्यंत जोडू नये.

दुरुस्तीला देताना

आत बिघाड असल्याचे ठरल्यावर घरी पेटी उघडून फारसे काही साधत नाही, फक्त आरसीएच्या सॉकेटचा डाख केबल ओढली गेल्याने तुटला असेल तर तो सोल्डरिंगची सवय असणाऱ्याला देता येतो. पुरवठा विभागातील मॉसफेट शॉर्ट होणे ही नेहमीची दुरुस्ती आहे. साध्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आयआरएफझेड४४ सारखे सहज मिळणारे भाग असतात आणि मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातील तपकीर गल्लीसारख्या बाजारांत सुटे भाग मिळण्याची अडचण नसते. मात्र जळालेला एकच मॉसफेट बदलून भागत नाही. समांतर जोडलेला पूर्ण गट एकाच प्रकारचा बसवावा लागतो आणि त्यांना चालवणारे लहान रोधही मोजावे लागतात, हे दुरुस्ती करणाऱ्याला आवर्जून विचारावे. फुगलेले कपॅसिटर त्याच वेळी बदलून घ्यावेत. स्वस्तातल्या अ‍ॅम्प्लिफायरचा दुरुस्तीखर्च नव्याच्या निम्म्याहून अधिक सांगितला जात असेल तर नवा घेणे बरे. जुना जड, चांगल्या बनावटीचा अ‍ॅम्प्लिफायर मात्र दुरुस्त करून घ्यावा.

देताना अ‍ॅम्प्लिफायरबरोबर त्याचा बेसचा नॉब आणि हाय-लेव्हलचा कपलरही द्यावा, आणि एका कागदावर बॅटरीवरचा दाब, भारासह बी प्लसवरचा दाब, आरईएमवरचा दाब, स्पीकरचा ओहममधील रोध आणि फ्यूज कोणत्या क्षणी उडाला एवढे लिहून द्यावे. दुरुस्त होऊन आलेला अ‍ॅम्प्लिफायर गाडीत प्रथम जोडताना स्पीकर न लावता आणि मुख्य फ्यूजच्या जागी १० अँपिअरचा फ्यूज घालून सुरू करावा; हिरवा दिवा काही मिनिटे टिकला की मूळ क्षमतेचा फ्यूज बसवावा आणि स्पीकर जोडावेत.